कच्च्या मडक्याला हवे ते थापटणे

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाची ओळख दोन प्रकारांनी सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकांच्या लेखी तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून ज्याची नोंद झाली ते ठिकाण. वारकऱ्यांच्या लेखी मात्र तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्यांच्या घरी झालेल्या संतपरीक्षेची आख्यायिका मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईची नजर कोपऱ्यातील थापटण्याकडे गेली. हे कशासाठी, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे उत्तर मिळताच, मग येथे जमलेली मडकीही पारखून पाहा, असा आग्रह तिने धरला. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. बाकीचे निश्चल राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला.

आख्यायिका येथेच संपली असती तर ती एका परीक्षेच्या निकालाची हकीकत ठरली असती. ती पुढे जाते, म्हणूनच तिला मोल आहे. दुखावलेले नामदेव पंढरीला गेले आणि विठ्ठलाच्या सांगण्यावरून औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे पोचले. शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी त्यांना लांबलचक उपदेश केला नाही. देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. जेथे पाय ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली, आणि जे समजायचे ते नामदेवांचे त्यांनाच समजले. ‘कच्चा’ या शब्दाने नामदेव हलले खरे, परंतु शिकले ते त्या शब्दामुळे नव्हे. शिकले ते हाती दिलेल्या एका कामामुळे.

ज्या थापटण्याने ही पारख झाली, त्याचे कुंभाराच्या घरातील रोजचे काम तरी कोणते? भाजून तयार झालेल्या मडक्यावर टिचकी मारूनही त्याचा आवाज ऐकता येतो. थापटणे लागते ते त्याआधी. चाकावरून उतरलेले ओले भांडे जरासे सुकले की कुंभार एका हाताने आतून दगडी गोट्याचा आधार देतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटण्याचे हलके ठोके देत जातो. त्या ठोक्यांनी भांड्याची भिंत पातळ होते, पोटाला गोलाई येते, बूड भरून निघते. बाहेरचा ठोका नसेल तर भांडे बेढब राहते. आतला आधार नसेल तर ते चेपते. म्हणजे एकाच थापटण्याची दोन कामे झाली: एक घडविण्याचे आणि दुसरे पारखण्याचे. आपल्या शिक्षणव्यवस्थेने यांतील दुसरे काम मोठ्या निष्ठेने सांभाळले आणि पहिले जवळजवळ विसरले. हे विस्मरण जेथे सर्वांत स्पष्ट दिसते ती जागा म्हणजे शाळेतील चित्रकलेचा तास.

‘पुन्हा काढा’ म्हणजे काय काढा?

चित्रकलेच्या तासाचे सर्वसाधारण स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. आठवड्यातून एक किंवा दोन तास. टेबलावर एक घागर, शेजारी एखादे फळ. मुले रेखाटतात, खोडतात, पुन्हा रेखाटतात. घंटा होते, वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो आणि काही दिवसांनी परत जातो. पानाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईची सही, तारीख आणि एखादा शब्द असतो: ‘ठीक’, ‘छान’ किंवा ‘पुन्हा काढा’. ज्याला ‘छान’ मिळाले त्याला आपले काय साधले हे कळत नाही. ज्याला ‘पुन्हा काढा’ मिळाले त्याला काय बदलायचे हे कळत नाही. आज्ञाधारक मूल ते चित्र पुन्हा काढतेही; फक्त पहिल्या वेळची चूक ते आता अधिक काळजीपूर्वक करते.

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाला परीक्षेची परंपरा जुनी आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. चांगले कारागीर घडविणे हा तिचा आरंभीचा एक प्रधान हेतू होता, आणि तिच्या शिक्षणक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. त्या पद्धतीत आधी नमुन्याबरहुकूम बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, मग प्रत्यक्ष वस्तू, अशा ठरलेल्या पायऱ्या चढावयाच्या असत. राज्यात १९६५ साली स्वतंत्र कला संचालनालय अस्तित्वात आले. त्याच्यामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना राज्यभरातून लाखो विद्यार्थी बसतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा येथील मुलेही त्यांत असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची ही परीक्षा अनेक खेड्यांतील मुलांच्या दृष्टीने कलेच्या जगाचे पहिले दार आहे. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि परीक्षेच्या शेवटी विद्यार्थ्याच्या पदरात पडते ती श्रेणी. ‘क’ श्रेणी मिळालेल्या मुलाचे वस्तुचित्र फसले, की संकल्पचित्रातील रंगसंगती, की भूमितीच्या रेषा, हे त्या एका अक्षरावरून कळण्याची सोय नसते. हा परीक्षेचा दोष नव्हे. पारखणे हेच तिचे काम आहे आणि लाखो कागद तपासणारी यंत्रणा प्रत्येक मुलाशी बोलू शकत नाही. दोष आहे तो वर्षभराचा वर्गही परीक्षेसारखाच वागू लागतो, याचा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यानंतर तर पालकांचे लक्ष चित्रावरून गुणांवर सरकणे स्वाभाविकच होते. मग स्मरणचित्रासाठी बाजार, पाणवठा, दिंडी यांची तयार रचना पाठ करून घेतली जाते, आणि ज्या प्रश्नाचा हेतू पाहिलेले आठवण्याचा, तो पाठांतराचा होऊन बसतो. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील मातीच्या सुबक मूर्ती आहेत. त्यांतील अनेक मूर्ती पांढऱ्या चिकणमातीच्या असून दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. मूर्तीसाठी साचा ही मोठी सोय आहे. परंतु साच्यातून मूर्ती निघते, मूर्तिकार निघत नाही.

एका घागरीचे चार दोष

नवशिक्याच्या चित्रावर काय बोलावे, याचा विचार प्रत्यक्ष कागद समोर धरूनच करावयास हवा. समजा, आठवीतील एका मुलीने घागर काढली आहे. घागरीचे तोंड दोन्ही टोकांना लिंबासारखे निमुळते झाले आहे. बूड मोजपट्टीने ओढल्यासारखे सरळ आहे. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरला आहे. आणि बाह्यरेषा एकसंध नसून बारीक बारीक फटकाऱ्यांची, केसाळ झाली आहे. हे सारे झाकण्यासाठी तिने पोटावर गडद छाया फासली आहे. हे चित्र पाहून ‘प्रमाण चुकले’ असा शेरा मारणे सोपे आहे, आणि तो खोटाही नाही. फक्त तो निरुपयोगी आहे. या चारही दोषांमागे आळस किंवा बुद्धिमांद्य नाही. प्रत्येकाला वेगळे कारण आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळा उपाय आहे.

तोंडाची टोके निमुळती होतात, कारण मुलीला तोंड गोल आहे हे ठाऊक असते, डोळ्यांना मात्र ते अरुंद दिसते. या दोहोंत तडजोड म्हणून ती दोन कमानी काढून जोडते. तिला सांगावयाचे ते इतकेच की लंबवर्तुळाला कोपरा नसतो. मनगट नव्हे, तर खांद्यापासून सारा हात फिरवून, आधी कागदाला न टेकता दोनदा हवेत आणि मग थांबल्यावाचून कागदावर, अशी लंबवर्तुळांची दोन पाने भरली की टोके आपोआप विरू लागतात.

बूड सरळ होते याचे कारण आणखी मौजेचे आहे. घागर सपाट जमिनीवर ठेवलेली असते, म्हणून तिचे बूड सपाट असलेच पाहिजे, असे मन डोळ्यांना बजावते. येथे ‘बूड सपाट काढू नकोस’ असे म्हणण्यापेक्षा तिच्या हाती एक लोटा द्यावा आणि तो डोळ्यांच्या पातळीवर धरावयास सांगावे. त्या पातळीला तोंड ही एक नुसती रेषा दिसते. लोटा हळूहळू खाली नेला की ती रेषा उघडत जाते. म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून जो घेर जितका खाली, तितका तो अधिक गोल. घागरीचे बूड तोंडापेक्षा खाली आहे, तेव्हा त्याची वक्रता तोंडाच्या वक्रतेहून अधिकच असावयास हवी. हे एकदा स्वतःच्या हाताने आणि डोळ्यांनी पडताळलेले मूल पुढे पाणी पिताना पेल्याचा काठही पाहू लागते. औंढ्याला विसोबांनी नामदेवांना जे दिले, त्याच जातीचे हे शिक्षण आहे.

खांदे असमान झाले असतील तर मधोमध उभी अक्षरेषा काढून दोन्हीकडची अंतरे ताडून पाहावयास सांगावे. किंवा कागद खिडकीशी धरून मागच्या बाजूने पाहावयास सांगावे. उलट दिसणाऱ्या चित्रातील कल डोळ्यांत चटकन भरतो, तेथे शिक्षकाने बोलण्याचीही गरज उरत नाही. आणि केसाळ रेषा ही तर भीतीची रेषा आहे. पेन्सिलीच्या टोकावरच नजर खिळलेली असते, रेषा कोठे जाऊन थांबणार हे ठरलेले नसते, खोडरबर डाव्या हातात तयार असतो. दोन बिंदू मांडावेत, पेन्सिल त्यांच्यावरून टेकल्यावाचून फिरवून पाहावी, नजर शेवटच्या बिंदूवर ठेवावी आणि मग एकाच ओढीत रेषा काढावी. ती चुकली तर चुकू द्यावी. शेजारी दुसरी काढावी. सरावाच्या पानापुरता खोडरबर दप्तरातच राहिलेला बरा.

आता प्रश्न असा की हे चारही दोष त्या मुलीला एकाच वेळी सांगावेत काय? सांगितले तर ती पेन्सिल खाली ठेवील, आणि तिचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चारांपैकी एकच निवडावा. तोही असा की जो सुधारला असता इतरांना आधार मिळेल. रेषाच थरथरत असेल तर आधी रेषा, मग लंबवर्तुळ, मग छाया. चार दोष दिसणे ही शिक्षकाची जाण. त्यांतील तीन आजपुरते मनात ठेवणे हा शिक्षकाचा संयम. जाण अनेकांजवळ असते, संयम मात्र सवयीने आणावा लागतो.

दुरुस्ती कोठे करावी, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. मुलाच्या रेषेवर आपली ठसठशीत रेषा ओढून चित्र ‘नीट करून देण्याची’ रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामागे प्रेमच असते. परंतु त्या क्षणी ते चित्र मुलाचे राहत नाही, आणि जी रेषा सुधारावयाची तीच नाहीशी झाल्याने तुलनाही करता येत नाही. समासात बोटभर आकाराचे छोटे रेखाटन करून दाखवावे; मूल दोन्ही पाहील आणि पुढचे स्वतः काढील.

शेऱ्यापूर्वी अभ्यासाचा हेतू ध्यानात घेतला नाही, तरी अन्याय होतो. या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी, काळी, लोंबत्या कानांची, अंगणातून पळत असता तिचे झटपट रेखाटन करावयास सांगितले, तर त्या रेखाटनात मानेचा झोक आणि पायांची हालचाल पाहावयाची असते. ‘अंगावरचे केस नीट दाखविले नाहीत’ असे तेथे म्हणणे म्हणजे धावण्याच्या शर्यतीत अक्षर वाईट म्हणून गुण कापण्यासारखे आहे. घागर सावकाशीची असते, शेळी घाईची. दोघींना एक माप लावता येत नाही.

स्तुतीचा अपाय

कठोर शेऱ्याचे दुष्परिणाम सर्वांना पटतात; नुसत्या स्तुतीचे सहसा पटत नाहीत. ‘तू तर जन्मजात चित्रकार आहेस’ असे ऐकलेले मूल पुढे अवघड वस्तू काढण्याचे टाळू लागते. कारण फसले तर ती पदवी जाईल. अमेरिकेतील क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले: बुद्धीची वाखाणणी झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर प्रयत्नांची दखल घेतली गेलेली मुले टिकून राहिली. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेले आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन तर तांबड्या शाईच्या मुळावरच बोट ठेवते. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ कामाविषयीचा अभिप्राय, आणि काहींना दोन्ही. सुधारणा व गोडी टिकली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांत. गुण आणि अभिप्राय दोन्ही दिले तेव्हा अभिप्रायाचा लाभ नाहीसा झाला; मुलांची नजर गुणांवरच थांबली असावी, हे उघड आहे.

अव्रहाम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली या विषयावरील पूर्वीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. अभिप्रायामुळे कामगिरी सरासरीने सुधारते, असे त्यांना दिसले. परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे वळले की असे घडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या गोष्टीला संशोधकांनी आकडेमोड करून हात घातला, ती कुंभाराच्या हातांना पूर्वीपासून ठाऊक आहे: ठोका मातीच्या फुगवट्यावर द्यावयाचा असतो, भांड्यावर राग काढावयाचा नसतो.

याचा अर्थ मुलांना चूक सांगूच नये, असा मात्र नव्हे. वाकडी रेषा वाकडी आहे असे सांगितलेच पाहिजे. फसलेल्या चित्राला ‘छान’ म्हणणे ही दया नव्हे. ते मूल सुधारू शकते यावरचा तो अविश्वास आहे. ‘तुला चित्र येत नाही’ आणि ‘घागरीचा उजवा खांदा खाली आला आहे’ या दोन वाक्यांत सौम्य-कठोर असा फरक नाही. पहिले वाक्य माणसाविषयी आहे आणि त्यावर काही करता येत नाही. दुसरे कागदाविषयी आहे आणि त्यावर आत्ताच काही करता येते.

छापील नोंदींचा पेच

शासनाला या गोष्टीची जाणीवच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि त्यास अनुसरून महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्याच्या दोन भागांची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत: आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे आकार देणारे. थापटण्याच्या पहिल्या कामाला याहून नेमका पारिभाषिक शब्द सापडणार नाही. शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी, ही अपेक्षाही योग्यच होती.

प्रत्यक्षात काय झाले हे शिक्षकांना ठाऊक आहे. प्रत्येक विषयाच्या, प्रत्येक मुलाच्या नोंदी भरावयाच्या. मग अशा नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, आणि ‘चित्रे रेखीव काढतो’, ‘रंगसंगती आकर्षक साधतो’ अशी वाक्ये एका नोंदवहीतून दुसरीत उतरू लागली. जी नोंद मुलासाठी होती ती तपासणीसाठी झाली. बहुधा ती मूल वाचतही नाही, आणि वाचले तरी त्याला त्यात आपली घागर सापडत नाही. संकल्पना चांगली असूनही ती कागदोपत्री कशी विझते, याचे हे उदाहरण आहे. याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे, पण अप्रामाणिक होईल. ज्याच्या अंगावर वर्गही आहे आणि माहितीचे तक्तेही आहेत, तो तक्त्यांना वर्गातला वेळ देतो, कारण तक्त्यांची विचारणा होते, घागरीची होत नाही.

वेळ कोठून आणावा?

यावर व्यवहारी शिक्षकाचा आक्षेप ठरलेला आहे. वर्गात पन्नास-साठ मुले, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. प्रत्येक घागरीपाशी बसावयाचे कसे? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर अगदीच नाही असे नव्हे. प्रत्येक तासाला प्रत्येक मुलापाशी जाण्याचे कारण नाही. एका तासाला दहा मुले धरली तरी दीड-दोन महिन्यांत वर्ग पुरा होतो, आणि चित्र चालू असताना अर्ध्या मिनिटात सांगितलेली एक गोष्ट, आठवड्यानंतर मिळालेल्या चार ओळींच्या शेऱ्याहून अधिक काम करते. माती ओली असतानाचा ठोकाच उपयोगी. भाजल्यावर मारलेला ठोका फक्त आवाज सांगतो किंवा मडके फोडतो.

उरलेल्या चाळीस मुलांसाठी वर्गाची भिंत आहे. सर्वांचे कागद नावे झाकून लावावेत आणि कोणाचे चांगले असे न विचारता, कोणत्या घागरीत पाणी ठरेल, कोणती कलंडेल, असे विचारावे. मुले कोणत्याही परीक्षकाहून बारकाईने पाहतात. पहिल्या महिन्यातील कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा आणि दिवाळीनंतर नव्या कागदाशेजारी धरावा. आपली प्रगती शेजाऱ्याच्या चित्राशी नव्हे, तर आपल्याच जुन्या चित्राशी ताडून पाहण्याची सवय लागली तर ती आयुष्यभर पुरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शाळेत कलाशिक्षकच नसेल तर? कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली आहे. लहान गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मात्र चित्रकलाही सहसा वर्गशिक्षकाच्याच वाट्याला येते, आणि ‘स्वतःलाच काढता येत नाही, तर सांगणार काय’ अशी त्याची अडचण असते. कलाशिक्षकांची पदे भरली जावीत, ही मागणी त्यामुळे मुळीच गैर ठरत नाही. परंतु ती पुरी होईपर्यंतही तीन प्रश्न विचारण्यासाठी स्वतः चित्रकार असावे लागत नाही. तुझे कोठे अडले? समोरची वस्तू आणि तुझा कागद यांत फरक कोठे दिसतो? पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलशील? या प्रश्नांची उत्तरे मुलाने द्यावयाची आहेत. शिक्षकाने ती ऐकावयाची आहेत.

एवढा खटाटोप एका घागरीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. दहावीनंतर कलामहाविद्यालयाची वाट धरणारी मुले थोडीच असतात, हे खरे. पण सुताराला, शिंप्याला, गवंड्याला, आयटीआयमधील आरेखकाला, भूमापकाला, प्रयोगवहीत आकृती काढणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला नेमके पाहता येणे आणि पाहिलेले रेषेत उतरविता येणे ही भाकरीची विद्या आहे. पाऊस ज्या भागाला वारंवार दगा देतो, तेथील मुलांना अशी आणखी एक विद्या हाती असण्याची गरज अधिकच आहे. बारा-तेराव्या वर्षी ‘मला चित्र येत नाही’ असे एकदा मनाशी ठरवून पेन्सिल खाली ठेवलेले मूल ती बहुधा पुन्हा उचलत नाही. पन्नाशीतही ते हेच वाक्य हसत हसत सांगते. त्या वाक्याचे मूळ शोधू गेल्यास पुष्कळदा एखाद्या पानाच्या कोपऱ्यातील तांबडा शब्द सापडेल.

आणि ही गोष्ट चित्रकलेच्या तासापुरती तरी कोठे आहे? कचेरीत नव्याने लागलेल्या लिपिकाचा पहिला मसुदा ‘पुन्हा सादर करा’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत येतो, तेव्हा त्याची आणि त्या आठवीतल्या मुलीची स्थिती एकच असते. कोणता परिच्छेद आधी हवा होता, कोणत्या नियमाचा उल्लेख राहिला, हे दोन शब्दांत सांगणारा वरिष्ठ त्याला मिळाला तर तो वर्षभरात तयार होतो. न मिळाला तर तो जुन्या फायलीतील मसुदा उतरवून काढण्यास शिकतो, आणि तेथेही साचाच जिंकतो.

गोरोबांनी नामदेवांना कच्चे म्हटले, पण नामदेवांना औंढ्याची वाट सापडली आणि तेथे विसोबा भेटले. म्हणून त्या ‘कच्चे’ शब्दाची जखम राहिली नाही, शिक्षण झाले. आजच्या मुलाला कच्चे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याच्यापुढे औंढ्याची वाट आहे की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. जून महिन्यात शाळा उघडतात, टेबलावर पुन्हा घागर मांडली जाते आणि मुले कोऱ्या पानावर पहिली रेषा ओढतात. ती रेषा थरथरणारच, कारण माती अजून ओली आहे. अशा वेळी बाहेरून ठोका देणाऱ्याने आपला दुसरा हात आत आहे ना, एवढे आधी पाहावे.